शेवटचा हात कुणाचा?

शिवणयंत्र मंडळाच्या संकेतस्थळावर टक्कल घालवणाऱ्या तेलाची पहिली जाहिरात आली, तेव्हा नियंत्रकसाहेब जेवत होते. हातातला घास त्यांनी ताटात परत ठेवला. छत्तीस वर्षे विद्यापीठाच्या परीक्षा विभागात काढलेल्या, आणि त्यांतली शेवटची नऊ वर्षे परीक्षा नियंत्रक म्हणून कॉप्या, तोतये परीक्षार्थी आणि फुटलेल्या प्रश्नपत्रिका यांच्याशी झुंजलेल्या माणसाला ती साधी जाहिरात वाटणे शक्यच नव्हते. ओळखपत्राशिवाय कुणीतरी परीक्षागृहात शिरले होते, आणि तेही त्यांच्या डोळ्यांदेखत.

मंडळ खरे तर त्यांचे नव्हते. चार वर्षांपूर्वी त्यांच्या भाचीने ते आपल्या मामीसाठी सुरू केले होते. मामी, म्हणजे साहेबांच्या पत्नी, घरी शिवणकाम करीत. यंत्र अडले की त्या भाचीला फोन करीत, आणि संगणकाखेरीज कोणत्याही यंत्राशी ओळख नसलेली भाची हैराण होई. शेवटी एका रविवारी तिने बसून ही जागा तयार केली. ज्याचे यंत्र अडेल त्याने तिथे लिहावे, ज्याला कळते त्याने उत्तर द्यावे, एवढाच तिचा कारभार. बघता बघता सहाशे माणसे जमली. घरी शिवणाऱ्या बायका, काही शिंपी, एक तंबू शिवणारा, केवळ बाहुल्यांचे कपडे शिवणाऱ्या एक निवृत्त परिचारिका. आणि या सगळ्यांना पुरून उरणारा एक म्हातारा मेकॅनिक, ज्याला सगळे तेलकाका म्हणत.

तेलकाकांचे पहिले उत्तर सर्वांना एकच असे. दोरा तुटत असो, कापड सरकत नसो किंवा यंत्र रात्रीच्या मांजरासारखे ओरडत असो, त्यात एका शब्दाचाही फरक पडत नसे: ‘आधी तेल घाला. मग चाक हाताने फिरवून बघा, कुठे अडतं ते. तरी नाही जमलं तर यंत्राला शेवटचा हात कुणाचा लागला ते खरं सांगा. रागावणार नाही.’

बहुतेकांचे काम तेलावरच भागे. उरलेल्यांकडून तासाभराने कबुलीजबाब येत. शेवटचा हात नवऱ्याचा. त्याने पुठ्ठा शिवून पाहिला. शेवटचा हात नणंदेचा. ती काही बोलत नाही, पण सुई बदललेली दिसते. शेवटचा हात माझाच; टाचणी काढायची राहिली. एकदा हात कळला की दुखणे कळे, आणि मग तेलकाका दोन ओळींत इलाज सांगून मोकळे होत. हे सारे इतके सुरळीत चाले की कुणी त्याला पद्धत म्हणण्याचीही तसदी घेतली नव्हती.

जाहिरातींचा मात्र त्या हिवाळ्यात पूर आला. तेलामागून तत्काळ कर्ज आले, कर्जामागून घरबसल्या कमाई आली, आणि दुरावलेले माणूस सात दिवसांत परत आणून देणारा एक जण तर रोज सकाळी नेमाने येऊ लागला. भाचीचे म्हणणे होते की थोडे असे येणारच, दिसले की पुसून टाकायचे. त्यावर साहेबांनी तिला थोडी कॉपी म्हणजे नेमकी किती, असा प्रश्न केला. भाचीला कामावर जायला उशीर होत होता. तिने मंडळाच्या सगळ्या किल्ल्यांचा एक जोड मामांच्या स्वाधीन केला आणि ती निघून गेली. आयुष्यात घाईत केलेल्या तीन चुकांमध्ये तिचे लग्न धरूनही ही पहिली, असे ती आता सांगते.

आठवड्याच्या आत नियमावली तयार झाली. कलमे सतरा, उपकलमे वेगळी. ‘तातडीने’, ‘मोफत’, ‘मदत’ आणि ‘खात्रीशीर’ हे शब्द जाहिरातींत आढळतात, तेव्हा ते वापरणारा मजकूर नियंत्रकांच्या मंजुरीशिवाय प्रसिद्ध होणार नाही. एकच मजकूर तीनदा टाकणारा सदस्य आपोआप बाहेर जाईल. बाहेर गेलेल्याला परत यायचे असेल, तर पडद्यावर दिसणारी आठ वाकडीतिकडी अक्षरे वीस सेकंदांत उतरवून आपण माणूस असल्याचे त्याने सिद्ध करावे.

नियम लागू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी बाराच्या आत, तेलकाका बाहेर गेले.

साहेबांना हे कळले, तेव्हा त्यांना वाईट वाटले नाही असे नाही. परंतु त्या वाईट वाटण्याच्या तळाशी समाधानच अधिक होते. नियम पहिल्याच फटक्यात सर्वांत मोठ्या माणसाला लागला होता. ‘नियमाला काका-मामा नसतो,’ असे ते स्वतःशीच म्हणाले, आणि हे वाक्य त्यांना इतके आवडले की त्यांनी ते नियमावलीच्या माथ्यावर घातले.

जेवताना पत्नीने विषय काढला. तेलकाकांना तुम्ही काढलेत का, असे तिने सरळच विचारले.

“मी नाही काढलं. नियमाने काढलं.”

“मग नियमाला सांगा परत घ्यायला.”

साहेबांनी तिला वीस सेकंदांची तरतूद समजावून सांगितली. आठ अक्षरे. कुणाही माणसाला जमण्यासारखे. त्यासाठी अर्जसुद्धा लागत नाही. पत्नीने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले, मग त्यांच्या ताटात भाजी वाढली आणि ती गप्प बसली. साहेबांनी त्या गप्प बसण्याचा अर्थ, छत्तीस वर्षांच्या सवयीने, मान्यता असा घेतला.

त्यानंतर आली प्रवेशपरीक्षा. ज्याला शिवणयंत्राचे भाग ठाऊक नाहीत, तो शिवणयंत्र मंडळात कशाला हवा, हा तिच्यामागचा युक्तिवाद होता, आणि युक्तिवाद म्हणून त्यात खोट काढणे अवघड होते. दहा प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, उत्तीर्ण होण्यास सात गुण. जुन्या सदस्यांनाही ती द्यावी लागली. साहेबांच्या पत्नीला चार गुण मिळाले.

कापड पुढे ढकलणाऱ्या दातेरी पट्टीचे पुस्तकातले नाव तिला ओळखता आले नव्हते. आपण तिला ‘खालचे दात’ म्हणतो, तीस वर्षे म्हणतो आहोत, आणि त्या दातांनी आजवर हाकेला ओ दिली नाही असे झालेले नाही, असे तिने सांगितले. साहेबांनी सहानुभूतीने ऐकून घेतले. पुरवणी परीक्षेची सोय होतीच; कितीही वेळा बसता येत असे. ती बसली नाही. तंबूवाला बसला नाही. बाहुल्यांचे कपडे शिवणाऱ्या बाईंनी एकदा प्रयत्न केला आणि आयुष्यभर इंजेक्शने दिली तेव्हाही सिरिंजच्या दांड्याचे नाव कुणी विचारले नव्हते, असा निरोप ठेवून त्या गेल्या. निरोपात ‘मदत’ हा शब्द असल्यामुळे तो प्रसिद्ध झाला नाही.

मात्र नव्या उमेदवारांची जिद्द पाहून साहेबांचा ऊर भरून येई. पहिल्या खेपेला दोन गुण, दुसऱ्या खेपेला पाच, चौथ्या खेपेला दहापैकी दहा. आणि तेही एका मिनिटाच्या आत. इतके अभ्यासू विद्यार्थी त्यांनी विद्यापीठातही पाहिले नव्हते. या उमेदवारांचे वर्तनही निर्दोष होते. ते एकच मजकूर दोनदा लिहीत नसत, निषिद्ध शब्द वापरत नसत, कुणाशी हुज्जत घालत नसत. ‘सभ्य सुईदोरा’ या नावाने लिहिणारा एक जण तर आदर्शच होता. ‘अत्यंत अभ्यासपूर्ण विवेचन. आपल्यासारख्यांच्या मार्गदर्शनाने नवी दिशा मिळते,’ असे तो साहेबांच्या प्रत्येक सूचनेखाली लिही, आणि दर वेळी शब्द निराळे असत. साहेबांनी त्याला आदर्श सदस्याचा बिल्ला दिला. कलम अकरानुसार बिल्लाधारकास आपल्या मजकुराखाली एक दुवा देण्याची मुभा होती. ती त्याने विनयपूर्वक घेतली. दुवा कुठे जातो हे साहेबांनी पाहिले नाही, कारण कलमात दुवा तपासण्याचा उल्लेख नव्हता.

सहा आठवडे टकलाच्या तेलाची एकही जाहिरात आली नाही. सकाळच्या चहाला साहेब पत्नीला मंडळावरचे निवडक अभिप्राय वाचून दाखवत. ती ऐकत असे. अलीकडे तिचा फोन सारखा किणकिणत असे, आणि ती मधूनच तो पाहून हसत असे. पण दुसऱ्याच्या टपालात डोकावणे साहेबांच्या स्वभावात नव्हते.

सातव्या आठवड्यात त्यांनी दुसरी प्रश्नपत्रिका काढायला घेतली. पहिली फार सोपी ठरली होती. उत्तीर्णांचे प्रमाण चौऱ्याण्णव टक्के, हे कोणत्याही स्वाभिमानी परीक्षेला शोभणारे नव्हते. पुस्तकात सापडणार नाही, ज्याच्यापुढे प्रत्यक्ष यंत्र आहे त्यालाच येईल, असा एक तरी प्रश्न हवा होता. मंगळवारी दुपारी पत्नी इस्पितळाच्या भांडारातून कापड आणायला गेली असताना ते तिच्या यंत्रापाशी बसले. यंत्राच्या पोटातून त्यांनी बॉबिनची केस काढली. खालच्या दोऱ्याची गुंडी जिच्यात बसते ती ही अंगठ्याएवढी डबी. तिच्या कडेला एक पट्टी, आणि पट्टीवर तांदळाच्या कणीएवढा स्क्रू. साहेबांच्या मनात प्रश्न तयारच झाला: हा स्क्रू पूर्ण निघण्यास किती फेऱ्या लागतात?

चष्मा दुरुस्त करण्याच्या पेचकसाने त्यांनी तो फिरवला, मोजला, आणि कागदावर टिपले: साडेतीन. मग ते तो परत बसवू लागले. दुसऱ्या फेरीला दारावरची बेल वाजली. शेजाऱ्यांचे पार्सल होते. ते घेऊन, सही करून, पार्सलवाल्याच्या लेखणीतली शाई संपली असल्याबद्दल त्याला दोन शब्द सुनावून साहेब परतले, तेव्हा दोन झाल्या होत्या की अडीच, हे त्यांना आठवेना. अर्ध्या गुणासाठी ज्यांनी प्राध्यापकांना तीन-तीनदा उत्तरपत्रिका तपासायला लावल्या होत्या, त्या नियंत्रकसाहेबांनी तो स्क्रू अंदाजाने बसवला आणि केस जागच्या जागी ठेवून दिली.

बुधवारी सकाळी प्रश्नपत्रिका प्रसिद्ध झाली. त्याच सकाळी पत्नी कामाला बसली.

इस्पितळाचे काम तिच्याकडे आठ वर्षे होते. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णावर पसरतात ती हिरवी कापडे, मध्ये चौकोनी खिडकी असलेली. खिडकीच्या कडा दुमडून दुहेरी शिवाव्या लागत. या खेपेला साठ कापडे होती, आणि भांडारातल्या बाईंनी बजावून सांगितले होते की शुक्रवारी चारपर्यंत ती आली नाहीत, तर वरचे लोक वर्षाचे काम कारखान्याला देणार आहेत. त्यांना निमित्तच हवे आहे. ही कापडे म्हणजे तिचे स्वतःचे असे एकमेव काम होते. बाकीचे सारे शेजाऱ्यापाजाऱ्यांचे, आग्रहाचे, ‘बघा ना जरा’ या जातीचे.

अकरा कापडे झाल्यावर तिने एक खिडकी उजेडात धरून कड ओढून पाहिली. हिरव्या कापडावर हिरवा दोरा, त्यामुळे आधी दिसले नव्हते. वरचा दोरा सरळ पडला होता, खालच्याचे बारीक फास वर आले होते. टोक धरताच टाका सरसर निघून तिच्या हातात आला. शस्त्रक्रिया चालू असताना दोरा सुटला तर तो कुठे जाऊन पडेल, हे तिला भांडारातल्या बाईंनी आठ वर्षांपूर्वी एकदाच सांगितले होते आणि ते तिला पुन्हा सांगावे लागले नव्हते. ती थांबली. सुई बदलली, दोरा बदलला, वरचा ताण कमी-जास्त केला, तेल घातले, चाक हाताने फिरवले. फरक पडला नाही. तिने फोन लावला; पलीकडे कुणी उचलला नाही.

साहेब हे सारे दारातून पाहत होते. त्यांचे पत्नीवर प्रेम होते, आणि प्रेम व्यक्त करण्याचा त्यांचा मार्ग योग्य त्या प्राधिकरणाकडे दाद मागणे हा होता. त्यांनी मंडळावर लिहिले की पत्नीच्या यंत्राचा टाका सैल पडतो आहे, तरी तातडीने मदत व्हावी.

मजकूर अडला. त्यात ‘तातडीने’ आणि ‘मदत’ हे दोन्ही शब्द होते. तो नियंत्रकांच्या मंजुरीसाठी राखून ठेवण्यात आल्याचा निरोप नियंत्रकांना आला.

आता स्वतःच्या अर्जावर स्वतःच सही करायची नाही, हे तत्त्व त्यांनी उभ्या हयातीत मोडले नव्हते. सख्ख्या पुतण्याच्या फेरतपासणीच्या अर्जावरही त्यांनी उपनियंत्रकांकडून सही घेतली होती आणि पुतण्या नापास झाला होता. त्यांनी भाचीला फोन केला. भाचीने विचारले की मामा, तुमच्याच जागेत, तुमच्याच मजकुराला, तुम्हीच परवानगी द्यायची, तर त्यात माझे काय काम? त्यांनी तत्त्व सांगितले. मग तिने मंजुरी दिली.

संध्याकाळपर्यंत एकतीस उत्तरे आली. साहेबांनी ती कागदावर उतरवून पत्नीकडे नेली. पहिल्यात म्हटले होते की हा एक अत्यंत महत्त्वाचा प्रश्न आहे. दुसऱ्यात, की सैल टाका ही आजच्या काळाची समस्या आहे. सभ्य सुईदोऱ्याने लिहिले होते की वहिनींच्या चिकाटीला वंदन, आणि खाली त्याचा दुवा होता. सातव्याने सहाव्याचे अभिनंदन केले होते, आठव्याने सातव्याचे. पत्नीने कागद शेवटपर्यंत वाचला, घडी घातली आणि यंत्राच्या हलणाऱ्या पायाखाली सरकवली.

गुरुवारी सकाळी भाचीचाच फोन आला. मंजुरी देताना तिला काहीतरी खटकले होते म्हणून तिने घटकाभर बसून हिशेब पाहिला होता. महिन्याभरात मंडळावर लिहिणारे दोनशे चौदा जण. ते दोनशे चौदा जण मिळून तीन ठिकाणांहून लिहीत होते. त्यांच्यात माणूस किती आणि यंत्र किती हे तिला सांगता येत नव्हते, पण शिवणयंत्र एकाकडेही नव्हते. बिल्लेवाल्याचा दुवा तिने उघडून पाहिला होता. तो टकलाच्या तेलाचा होता.

साहेब म्हणाले की हे शक्य नाही. सहा आठवड्यांत एकही जाहिरात आलेली नाही.

“मामा, तुमच्याकडे जाहिराती येत नाहीत असं नाही,” भाची शक्य तितक्या मायेने म्हणाली. “तुमच्याकडे दुसरं काही येतच नाही. ते एकमेकांना वाचतायत.”

“आणि आपली सहाशे माणसं?”

“ते मामीला विचारा.”

विचारायची गरज पडली नाही. आतल्या खोलीतून एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज येत होता. पत्नीने फोन कॅमेरा चालू करून यंत्राच्या फळीवर टेकवून ठेवला होता आणि ती केस, गुंडी, सुई एका फडक्यावर मांडून बसली होती. तेलकाका बोलत होते. काल हाताच्या डॉक्टरकडे दिवस गेला, म्हणून फोन उचलता आला नाही, असे ते सांगत होते. कंप काही कमी होत नाही. पेचकस धरायचा म्हणजे दुसऱ्या हाताने मनगट धरावे लागते. आणि फोनवर तर एक अक्षर दाबायला जावे तर तीन उमटतात. म्हणून तर तो एक मजकूर कुणाकडून तरी लिहून घेतलेला होता, तोच चिकटवायचा. ते तक्रार करीत नव्हते. ताईंनी हातांची चौकशी केली होती, त्या चौकशीला ते उत्तर होते.

साहेब उंबऱ्यातच थांबले. वीस सेकंद त्यांना फारच मोठा अवधी वाटला होता.

“टाका कसा पडतोय ते कळलं,” तेलकाका म्हणाले. “खालचा दोरा सैल आहे. ताई, त्या केसच्या स्क्रूला कुणी हात लावला का?”

“नाही हो. तुम्ही तीन वर्षांपूर्वी लावून दिलात, हात लावायचा नाही म्हणालात. तेव्हापासून कुणी नाही लावला.”

“बघा हं. शेवटचा हात कुणाचा?”

“माझाच. घरात दुसरं कोण बसतंय यंत्रावर?”

पलीकडे सुस्कारा ऐकू आला. मग पट्टी तरी मोडली असणार, नाहीतर आतले, दोऱ्याचा फास घेणारे शटल गेले असणार, असे तेलकाका म्हणाले. यंत्र त्यांच्याकडे पोचवावे लागेल. या हातांनी उघडून, पाहून, परत बसवायचे म्हणजे शनिवार उजाडेल. ताईंच्या शुक्रवारचे त्यांना वाईट वाटत होते. पत्नीने साठ कापडांच्या गठ्ठ्याकडे पाहिले, आणि पाठवते, असे म्हणण्यासाठी तोंड उघडले.

परीक्षागृहात कॉपी सापडली की मुले काय करतात, हे साहेबांइतके कुणाला ठाऊक नसेल. चिठ्ठी पायाखाली असते आणि मुलगा समोर पाहत असतो. ‘ती माझी नाही, सर.’ छत्तीस वर्षांत शेकडो मुलांनी त्यांना हेच वाक्य ऐकवले होते, आणि एवढ्या साध्या गोष्टीची कबुली द्यायला माणसाला इतके जड का जावे, याचे त्यांना दर वेळी प्रामाणिक आश्चर्य वाटले होते. आता त्यांच्या लक्षात आले की तोंड कोरडे पडते, आणि जीभ आपोआप दुसऱ्याच वाक्याकडे वळते. आपण न बोललो तर कुणालाही कधीही कळणार नाही, हेही त्यांच्या लक्षात आले. शटल गेले, असेच ठरेल.

“मी,” ते म्हणाले.

पत्नीने मान वळवली. फोनमधून, कोण बोलतंय, अशी विचारणा झाली.

“मी. मंगळवारी. तो स्क्रू मी पूर्ण काढला होता. मोजण्यासाठी.”

“काय मोजण्यासाठी?” तेलकाकांच्या आवाजात राग नव्हता, निव्वळ कुतूहल होते.

“फेऱ्या. साडेतीन आहेत. परत बसवताना बेल वाजली.”

पत्नीने डोळे मिटून घेतले होते. तिचे ओठ हलत होते. ती मोजत असावी, बहुधा दहापर्यंत, आणि ते दहा पुरले नसावेत.

“साहेब, जो स्क्रू मोजतो त्याला यंत्र कळत नाही, आणि ज्याला यंत्र कळतं तो स्क्रूला हात लावत नाही,” तेलकाका शेवटी म्हणाले. “तुमच्या त्या पेपरला मी बसलो असतो, तर एवढंच लिहिलं असतं. पण खरं सांगितलंत, बरं झालं. आता पेचकस घ्या. ताई, तुम्ही नको. ज्याने बिघडवलं त्याच्याच हाताने.”

त्यांनी सांगितले ते साहेबांनी केले. गुंडी केसमध्ये बसवायची, दोऱ्याचे टोक चिमटीत धरायचे आणि केस हवेत सोडून द्यायची. केस थेट गुडघ्यापर्यंत आली. घसरली, म्हणजे सैल आहे. सगळंच सोडतेय, असे तेलकाका म्हणाले. साहेबांनी स्क्रू आवळला. आता केस चिमटीखाली घट्ट लटकून राहिली; हिसका दिला तरी ढिम्म. हे तर त्याहून वाईट, असे फोन म्हणाला. अशाने दोराच तुटतो, आणि लोक समजतात की दोऱ्यात खोट आहे. साहेबांनी वर पाहिले नाही.

“फेऱ्या मोजू नका. केसकडे बघा. हलकासा झटका दिला की बोटभर खाली यावी आणि थांबावी. झटका द्यायला हात स्थिर लागतो, माझा आता राहिला नाही. म्हणून तुम्हालाच बघायला लागेल.”

तेरा वेळा प्रयत्न करावा लागला. तेराव्या वेळी केस बोटभर उतरली आणि थांबली. पत्नीने ती त्यांच्या हातून काढून घेतली, यंत्रात बसवली, एका चिंधीवर वीतभर शिवण मारली, उलटी केली, सुलटी केली, ओढली. मग तिने ती अकरा कापडे आणि टाके उसवायची सुरी नवऱ्यापुढे ठेवली. साहेबांनी गुरुवारचा उरलेला सगळा दिवस टाके उसवण्यात काढला. प्रत्येक खिडकीचे चार कोपरे, कड दुहेरी. शुक्रवारी साडेतीन वाजता साठ कापडे भांडारात पोचली.

मंडळ कुणी बंद केले नाही. भाचीने विचारले होते. साहेब म्हणाले की राहू दे, तिथे आता कुणाला कुणाचा त्रास नाही. अधूनमधून ते उघडून पाहतात. सभ्य सुईदोऱ्याला आणखी सात बिल्ले मिळाले आहेत. ते त्याला कोण देते हे साहेबांना माहीत नाही.

खरी माणसे फोनवरच्या गटात आहेत. तो साहेबांच्या पत्नीने तेलकाका बाहेर गेले त्याच दुपारी सुरू केला होता. तिथे नियमावली नाही. आत येणाऱ्याला तेलकाकांचा तोच मजकूर येतो, आणि त्यातल्या शेवटच्या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. तेलवाले आणि कर्जवाले तिथेही येतात. त्यांच्यापुढे यंत्र नसल्यामुळे त्यांना त्या प्रश्नाचे काय करावे ते सुचत नाही. एकाने ‘अत्यंत अभ्यासपूर्ण प्रश्न’ असे लिहिले, तेव्हा त्याला बाहेर काढताना गटात फार करमणूक झाली. साहेबांनाही उत्तर देऊनच आत यावे लागले. ते सर्वांना आधीच ठाऊक होते. तिथे त्यांना कुणी नियंत्रकसाहेब म्हणत नाही. तंबूवाल्याने त्यांचे नाव साडेतीन ठेवले आहे, आणि पत्नीही अलीकडे लाडात आली की तेच वापरते.

परवा एक अनोळखी मजकूर आला. ‘तातडीने मदत करा. खात्रीशीर उपाय हवा. फोटोचा दुवा देत आहे.’ तोच मजकूर दुसऱ्यांदा आला, तिसऱ्यांदा आला. साहेबांच्या अंगावर काटा उभा राहिला. सतरापैकी चार कलमे एका दमात मोडली गेली होती. हातात बटण असते तर आपण ते नक्कीच दाबले असते, हे त्यांनी नंतर स्वतःच पत्नीला सांगितले. पण बटण त्यांच्या हातात नव्हते. तेलकाकांचा मजकूर गेला: आधी तेल घाला, मग चाक फिरवा, शेवटचा हात कुणाचा लागला ते खरं सांगा, रागावणार नाही.

अर्धा तास काहीच आले नाही. साहेब फोन हातात धरून बसले होते. उत्तर येणार नाही याची त्यांना जवळजवळ खात्री झाली, तेव्हा फोन किणकिणला.

‘माझाच. पण यंत्र सासूबाईंचं आहे. त्यापण या गटात आहेत का?’

होत्या. बाहुल्यांचे कपडे शिवणाऱ्या बाईंनी लगेच लिहिले, की आहे हो, वाचतेय मी, आधी चाक फिरव.